आधी वही, मग आठवण

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. शताब्दीनिमित्त पेढीचा इतिहास लिहिण्याचे काम घरच्यांनी तुझ्यावर सोपवले, ‘आपल्या दारातून खराब पोते कधी बाहेर पडले नाही’ हे वाक्य पहिल्या पानावर यावे असे सर्वांनी ठरवून टाकले, आणि नेमकी तुला जुन्या वहीत परत आलेल्या सिमेंटच्या चाळीस पोत्यांची नोंद सापडली. त्या नोंदीचे काय करावे, असे तू विचारतेस. विचारलेस याचा आनंद झाला. उत्तर ठाऊक असताना विचारलेस, याचा थोडा रागही आला. आधी वही, मग आठवण. माझ्यापाशी सांगण्यासारखे एवढेच आहे, आणि ते मी या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे.

पणजोबांनी चुन्याचा व्यापार केला आणि आजोबांनी सिमेंट आणले, हे तू तुझ्या कच्च्या मसुद्यात एका ओळीत उरकले आहेस. त्या ओळीवर थांब. चुनकळी, म्हणजे भट्टीत भाजलेला चुनखडक, पाण्यात विझवून तो चुना पाण्याखाली जितका मुरवावा तितका चांगला. प्राचीन रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवले आहे की, तीन वर्षांहून कमी मुरलेला चुना कंत्राटदाराने वापरू नये, असा जुन्या रोमन बांधकामांचा नियम होता. म्हणजे चुन्याच्या व्यापाऱ्याची श्रीमंती त्याच्या जुन्या साठ्यात असे. जोसेफ अ‍ॅस्पडिनने १८२४ मध्ये पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले, आणि पुढे ते जसजसे पसरले तसतसा हा हिशेब उलटा झाला. सिमेंट हवेतली ओल ओढते आणि गोदामात नुसते पडून राहिले तरी तीन महिन्यांत ढोबळमानाने पाचव्या हिश्शाने ताकद गमावते. जुना माल जपून ठेवणाऱ्या हातांना आता जुना माल आधी काढून टाकायला शिकायचे होते, आणि असली सवय एका पिढीत सुटत नाही. त्या चाळीस पोत्यांमागे मला लबाडीपेक्षा चुन्याची सवय दिसते. पण हा माझा तर्क आहे, आणि तर्काला वहीचा आधार हवा. साठ्याच्या वहीत त्या मालाच्या आवकेची तारीख पाहा, जावकेची पाहा, मधले महिने मोज. मग खतावणीत, म्हणजे खातेवार वहीत, ती पोती परत करणाऱ्या गवंड्याचे खाते काढ आणि बदली पोती विनामूल्य गेली की त्याच्याच नावे पडली, हे शोध. तुझ्या पेढीची नियत पाहायची असेल तर ती तिथे दिसेल. पहिल्या पानावरच्या वाक्यात दिसणार नाही.

वाळूचेही तसेच. ओल्या वाळूचे आकारमान कोरड्या वाळूपेक्षा वीस ते तीस टक्क्यांनी फुगते, हे प्रत्येक जुन्या व्यापाऱ्याला माहीत असे. मापाने विकणाऱ्याने त्याची सूट दिली की नाही, हे कोणाच्या आठवणीत सापडत नाही. वहीत मात्र सापडू शकते. कीर्दीत, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत, काही वर्षे अक्षर बदललेले आहे आणि ते आजीचे असावे, असे तू जाता जाता लिहितेस. जाता जाता! अगं, त्या वर्षांत उधारी कोणाला द्यायची आणि कोणाच्या बाबतीत हात आखडायचा हे कोण ठरवत होते, हाच तर तुझ्या इतिहासाचा गाभा असू शकतो. आपल्या धंद्यात माल आज जातो आणि पैसा घर उभे राहिल्यावर येतो; कधी येतच नाही. ज्याच्या हाती उधारीची वही, त्याच्या हाती पेढी.

जपानमधील कोंगो गुमी ही मंदिरे बांधणारी संस्था ५७८ पासून एका घराण्याकडे होती. कर्तबगार जावयांना घराण्याचे नाव देऊन तिने पिढ्या जोडल्या. अडतिसावी प्रमुख तर एक स्त्री होती. २००६ मध्ये कर्जाच्या ओझ्याने ती संस्था दुसऱ्या कंपनीच्या ताब्यात गेली. वंशावळीत चाळीस पिढ्या मोजता येतात, पण मंदिरे सोडून जमीनजुमल्यात पैसा गुंतवण्यासाठी कर्ज का काढले, हे वंशावळ सांगत नाही. त्यासाठी जमाखर्च उघडावा लागतो.

आता माझे सांगतो, कारण ते लपवून तुला उपदेश करणे शोभणार नाही. आमच्या पेढीला साठ वर्षे झाली तेव्हा पुस्तिका मी लिहिली. वह्या दोन दुपारी चाळल्या आणि बाकी सगळे वडील सांगतील तसे उतरवले. लोखंडाचा व्यापार काकांनी सुरू केला होता. वाटणीनंतर ते वेगळे झाले, म्हणून वडिलांच्या सांगण्यात ते नव्हतेच, आणि माझ्या पुस्तिकेतही आले नाहीत. वडील ऐंशीचे होते, त्यांचे मन मोडवत नव्हते, छपाईची तारीख ठरली होती. ही कारणे मला आजही खोटी वाटत नाहीत. माझ्या जागी कोणीही तेच केले असते असे मी पुष्कळ वर्षे स्वतःला सांगत आलो, आणि तू आज नेमकी त्या जागी उभी राहून दुसरे काही करू पाहते आहेस, म्हणून तुझ्या पत्राने मला झोप लागू दिली नाही. काकांनी पुस्तिकेची प्रत परत पाठवली. सोबत चिठ्ठी नव्हती. फक्त सळयांचा व्यापार सुरू झाल्याचे साल मी चुकीचे छापले होते, ते त्यांनी पेन्सिलीने बरोबर करून दिले होते. मी वही काढून पाहिली. त्यांचेच साल खरे होते, आणि त्या पानावरचे अक्षरही त्यांचेच होते.

घरचे रागावतील. रागावू देत. आधी वही. पहिल्या पानावरचे वाक्य कोणी सोडायला तयार नसेल, तर त्याच्याच खाली त्या नोंदीचे छायाचित्र छाप आणि पोती बदलून दिली असतील तर तेही लिही. दिली नसतील, तर तेही लिही. वह्यांची शिवण सुटत आली असेल, म्हणून पाने आधी जपून टिपून घे, आणि आजीच्या अक्षराची खात्री जुन्या पत्रांवरून करून घे, कोणाच्या होकारावरून करू नकोस.

काकांनी परत पाठवलेली ती प्रत या पत्रासोबत तुला पाठवत आहे. पेन्सिलीची खूण पुसट झाली आहे. उजेडात धरलीस तर दिसेल.

तुझा,
एक जुना व्यापारी