लोडवर ट्रॅक्टर दम सोडते

प्रश्न : भाऊ, आमचं ट्रॅक्टर मोकळं चांगलं चालते पण रोटाव्हेटर लावला का दम सोडते. पेट्रोल पंप गावापासून लांब आहे म्हणून डिझेल डबकीत आणून ठेवतो. मिस्त्री म्हणते इंजिनचा डिझेल पंप खोला लागन, खर्च मोठा आहे. काय करू? – एक शेतकरी, दारव्हा तालुका

उत्तर : पंप खोलायची घाई अजिबात करू नका भाऊ, आधी डिझेल फिल्टर पाहा. मोकळ्या चालीत इंजिनला डिझेल थोडंच लागते, लोड आला का जास्त लागते आन् चोंदलेल्या फिल्टरमधून ते येतच नाही. फिल्टर बहुतेक दोन असतात, मॅन्युअलमधल्या तासांप्रमाणे बदला, आणि कागदी फिल्टर डिझेलनं धुऊन परत लावू नका, हे मी हात जोडून सांगतो, कारण कागद फाटला का कचरा सरळ पंपात, नोझलमध्ये (इंजिनात डिझेल फवारते तो भाग) जाते आणि मग खरंच मोठा खर्च येते.

नवीन फिल्टर लावल्यावर एअर, म्हणजे आत अडकलेली हवा काढा : ब्लीड स्क्रू (हवा सोडायचा स्क्रू) ढिला करून इंजिनवरचा डिझेलचा हात पंप मारत राहा, बुडबुडे थांबून नुसतं डिझेल आलं का स्क्रू कसा.

डबकीतलं डिझेल रातभर ठेवा, तळाचं ओतू नका, पाणी जड असते ते खालीच बसते, कपड्यानं गाळून कचरा अडते पण पाणी काही पूर्ण अडत नाही. टाकी संध्याकाळीच भरून ठेवत जा, अर्धी रिकामी राहिली का रातच्या गारव्यानं आत दव धरते. टाकीच्या झाकणाचं हवेचं छिद्र आणि एअर फिल्टरही पाहून घ्या. एवढं करूनही दम नाही आला तर मग मिस्त्रीले बोलवा.