बाईक महिना महिना उभीच असते, चालू कंडिशनमध्ये कशी ठेवू?

रोज दोन मिनिटं जागेवर स्टार्ट करून बंद करत असाल तर ते आधी थांबवा, त्याने इंजिन नीट तापत नाही, आत ओलावा धरतो आणि सेल्फ मारण्यात बॅटरीची जेवढी ताकद जाते तेवढी परत भरतही नाही. त्यापेक्षा पंधरा दिवसांतून एकदा आठ-दहा किलोमीटर फिरवून आणा, चेन ब्रेक टायर सगळंच मोकळं होतं.

जास्त दिवस उभी राहणार असेल तर बॅटरीची मायनस वायर काढून ठेवा. मल्टिमीटर लावून बघा, 12.6 व्होल्टच्या आसपास म्हणजे फुल, 12.4 च्या खाली गेली की चार्ज करून घ्या.

पेट्रोलकडे मात्र नीट लक्ष द्या. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलवालं मिळतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून टाकी अर्धी ठेवू नका, रिकाम्या जागेत दमट हवा राहते आणि टाकी आतून गंजते. जुनी कार्ब्युरेटरवाली गाडी असेल तर पेट्रोल कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, नाहीतर आतलं पेट्रोल सुकून जेटच्या बारीक भोकात चिकट थर बसतो, मग कितीही किका मारा, गाडी उठतच नाही.

बाकी मेन स्टँडवर लावा, चेनला ल्यूब मारा, आणि ऑइल वर्षातून एकदा बदलाच, किलोमीटर झाले नसले तरी. पावसाळ्यात ओल्या गाडीवर प्लास्टिकचं कव्हर अजिबात नको.