आधी तुकडा, मग स्टिरॉइड

प्रिय डॉक्टर,

सेलूच्या त्या अकरा वर्षांच्या लॅब्रेडॉरचे फोटो पाहिले. अंगभर कोंडा, पोटावर लालसर चट्टे आणि नाकाच्या शेंड्याचा व ओठांच्या कडांचा काळा रंग उतरून आलेली गुलाबी झाक. त्वचा खरवडून पाहिली तर डेमोडेक्स (खरजेचे सूक्ष्म किडे) नाही, अँटिबायोटिक आणि बुरशीचे औषध देऊनही फरक नाही. म्हणून आता प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड देऊन पाहू का, असे तू विचारतोस. नको. आधी बायॉप्सी, म्हणजे त्वचेचा तुकडा काढून तपासणी.

म्हाताऱ्या कुत्र्याला आयुष्यात प्रथमच ‘अ‍ॅलर्जी’ होते, तेव्हा संशय घ्यायला शीक. एपिथेलियोट्रॉपिक लिम्फोमा या त्वचेच्या कर्करोगात टी-पेशी (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) बाह्यत्वचेत आणि केसांच्या मुळांभोवती शिरतात, त्यामुळे गाठ दिसेलच असे नाही. कधी तो खरजेसारखा दिसतो, कधी पेम्फिगस या त्वचेच्या स्वप्रतिकार रोगासारखा. स्टिरॉइडने खाज काही दिवस ओसरते, मालक खूश होतो, आणि पुढे काढलेल्या तुकड्यात पॅथॉलॉजिस्टला निव्वळ जुनाट दाह दिसण्याची भीती उरते. परभणीत माझ्याकडे अशी कुत्री दोन-तीन ठिकाणी इंजेक्शने घेऊनच येत; आता औषध बंद ठेवून दोन-तीन आठवडे थांबा म्हटले, की मालक दुसरा दवाखाना गाठत. मला हटवादी म्हणत; म्हणोत.

सुईने घेतलेल्या नमुन्यात गोल पेशी दिसल्या तर संशय बळावतो, पण निदानावर शिक्कामोर्तब होत नाही. तेव्हा त्वचेखाली लिग्नोकेन देऊन जागा बधिर कर आणि 6 किंवा 8 मिलिमीटरच्या पंचने (गोल पात्याच्या हत्याराने) निरनिराळ्या जागांचे तीन-चार तुकडे काढ, त्यातला एक रंग उतरू लागलेल्या ओठाच्या कडेचा असू दे. उघड्या व्रणाच्या मधोमध पंच मारू नकोस, तिथे बाह्यत्वचाच उरलेली नसते. आणि कृपा करून ती जागा स्पिरिटने घासू नकोस; खपलीसकट तुकडा हवा. तो त्याच्या दहापट 10 टक्के फॉर्मॅलिनमध्ये टाक, सोबत वय आणि दिलेली औषधे लिही. नुसते ‘त्वचारोग’ लिहून पाठवणाऱ्याने अहवाल मोघम आला म्हणून कुरकुरू नये.

कुत्रे वाचणार नसेल तर खर्च कशाला, हा मालकाचा प्रश्न रास्त आहे. लिम्फोमा निघाला तर बहुधा काही महिनेच हाती असतात. लोमस्टिन हे कर्करोगाचे औषध द्यायचे की नुसता त्रास कमी करायचा, हे त्याला ठरवू दे. पण पेम्फिगस किंवा त्याच जातीचा ल्युपस निघाला, तर तेच कुत्रे औषधावर वर्षानुवर्षे जगू शकते. हा फरक फोटोवरून मला कळत नाही, तुलाही कळणार नाही.

अहवाल संदिग्ध आला तर त्याच तुकड्यावर टी-पेशी ओळखणारी सीडी३ची तपासणी सांग. लसीकाग्रंथी चाचपून ठेव. आणि तुकडे फॉर्मॅलिनमध्ये पडेपर्यंत प्रेडनिसोलोनची पट्टी उघडू नकोस.