वाचक विचारतात : बाखला पेडल नको, शोपाँला हवं, असं का?

प्रश्न : मुलगी पियानोच्या ग्रेड परीक्षा देते. बाखच्या पीसला पेडल लावलं की टीचर ओरडतात, शोपाँला नाही लावलं तरी ओरडतात. विचारलं तर म्हणे एक बरोक, दुसरा रोमँटिक. मी किशोरीताई, भीमसेनजी ऐकत वाढलेय, मला यातलं शून्य कळतं. हे आपल्या घराण्यांसारखं असतं का? – एक आई, कोथरूड

उत्तर : नाही हो, घराण्यांसारखं नाही. किराणा आणि जयपूर एकाच रात्री एकाच स्टेजवर ऐकायला मिळतात. बरोक, क्लासिकल, रोमँटिक ही काळाची नावं, तीही बरीचशी मागाहून चिकटवलेली. ढोबळमानानं 1600 ते 1750 बरोक, मग साधारण 1820 पर्यंत क्लासिकल, पुढचं एकोणिसावं शतक रोमँटिक. पण सनावळी पाठ करत बसू नका, वाद्य कुठलं होतं आणि पगार कोण देत होतं एवढं बघा, निम्मं कोडं तिथंच सुटतं.

आधी वाद्य. बाखच्या काळात (1685-1750) हार्पसिकॉर्ड चालायचं, त्यात पट्टी दाबली की पिसाच्या दांडीचं टोक तार छेडतं, हातोडी वगैरे नाही, त्यामुळे जोरात दाबा नाहीतर हळू, आवाज जवळपास तेवढाच, आणि सूर धरून ठेवणारं पेडलही नाही. (ऑर्गनला पेडल असतात पण ते पायानं वाजवायचे सूर, ती भानगड वेगळी.) पियानो तोवर निघाला होता, फ्लॉरेन्सच्या क्रिस्तोफोरीनं तो 1700 च्या आसपास बनवला, बाखनं 1747 मध्ये पॉट्सडॅमला प्रशियाच्या राजा फ्रेडरिकसमोर वाजवलाही, पण त्याचं बहुतेक सगळं लिखाण आधीच्या वाद्यांवर बेतलेलं. तिथं गंमत आहे ती दोन-तीन स्वतंत्र चाली एकमेकींत गुंफण्यात. पियानोचं पेडल दाबलं की तारांवरच्या फेल्टच्या गाद्या उचलल्या जातात, मागचे सूर पुढच्यांत मिसळतात आणि ती गुंफण पुसट होते. टीचर ओरडतात त्या यासाठी, आणि बरोबरच ओरडतात.

शोपाँ (1810-1849) पक्का पियानोचा माणूस. त्याचं ई फ्लॅट मेजरमधलं नॉक्टर्न (रात्रीच्या वातावरणाची शांत पियानोरचना), ओपस 9 नंबर 2, मुलगी वाजवेल तेव्हा तिचा डावा हात बघा. खाली एक खर्जाचा सूर, आणि लगेच उडी मारून वरचे कॉर्ड, म्हणजे एकदम दाबलेले दोन-तीन सूर. हात तर उठला, मग खर्ज कोण धरणार? पाय! पेडल कुठं दाबायचं कुठं सोडायचं याच्या खुणा शोपाँनं स्वतः लिहून ठेवल्यात.

आता पगार. हायडन 1761 पासून एस्टरहाझी सरदारांच्या नोकरीत, गणवेश घालायचा, मालक सांगतील ते लिहायचं. मालक निकोलाऊस बॅरिटॉन नावाचं एक अवघड तंतुवाद्य वाजवायचे म्हणून त्याच्यासाठी शंभराच्या वर रचना केल्या बिचाऱ्यानं. 1772 मध्ये मालकांचा मुक्काम उन्हाळी महालात लांबतच गेला, वादकांची बायकापोरं तिकडं आयझेनश्टाट गावी, मग हायडननं एक सिम्फनी, म्हणजे अख्ख्या ऑर्केस्ट्रासाठीची अनेक भागांची रचना, लिहिली (45 नंबरची), तिच्या शेवटी एकेक वादक आपलं वाजवून झालं की मेणबत्ती विझवून उठून जातो आणि मागं दोनच व्हायोलिनं उरतात. मालक समजले, दुसऱ्याच दिवशी मुक्काम हलला म्हणतात. रजेचा अर्ज असावा तर असा!

मोझार्टला हे जमलं नाही, 1781 मध्ये साल्झबर्गच्या आर्चबिशपची नोकरी सोडताना त्यानं दरबारातल्या एका काउंटची चक्क लाथ खाल्ली. आणि 1809 मध्ये बेथोव्हेनला तीन सरदार मिळून वर्षाला 4000 फ्लोरिन द्यायचं कबूल करतात, अट काय, तर व्हिएन्ना सोडू नका! सरदारवर्ग तोच, पण आता विनवणी तो करतोय. बेथोव्हेनचं संगीत अंगावर येतं त्यात या बदललेल्या पायरीचाही वाटा आहे असं मला तरी वाटतं.

प्रश्न : मुंबईत ऑर्केस्ट्रा ऐकायला गेलो, पहिला भाग संपल्यावर टाळ्या वाजवल्या तर आजूबाजूचे वळून बघायला लागले. आपल्याकडं तर समेवर ‘वाहवा’ म्हणतात. चुकलं का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : मोझार्ट असता तर खूश झाला असता. 1778 मध्ये पॅरिसहून त्यानं वडिलांना कळवलंय की एक जागा लोकांना आवडणार हे ठाऊकच होतं आणि तिथं वाजवणं चालू असतानाच टाळ्या पडल्या, नंतर आनंदात आइस्क्रीम खाल्लं. बेथोव्हेनच्या सातव्या सिम्फनीचा दुसरा भाग तर 1813 मध्ये पहिल्याच कार्यक्रमात लोकांनी पुन्हा वाजवायला लावला. भागांमधे गप्प बसायची शिस्त बरीच नंतरची. तरी पुढच्या वेळी कंडक्टरकडं बघा, तो हात खाली घेऊन लोकांकडं वळला की मग बिनधास्त वाजवा.