खोली बघायला गेलीस की आधी नळ सोडून बघ

वाचकांचे प्रश्न, मावशीची उत्तरं

प्रश्न : मावशी, मी खानापूर तालुक्यातली, नंदगडच्या पुढच्या एका खेड्यातली. भूतरामनहट्टीला राणी चन्नम्मा विद्यापीठात एम.ए.ला प्रवेश मिळालाय, पण विद्यापीठाच्या हॉस्टेलात जागा मिळाली नाही. बेळगावात एक पीजी बघितली, दोन वेळच्या जेवणासकट महिना ६,५०० रुपये. तिथल्याच वडगावात एक खोली आहे, भाडं ४,०००, ॲडव्हान्स २०,०००. महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातली एक मैत्रीण निम्मी वाटणी करायला तयार आहे. आमची भातशेती, सुगी झाल्याशिवाय बाबांच्या हातात पैसा नसतो. आई म्हणते, बायकांना बस फुकटच आहे, घरातूनच ये-जा कर. काय करू?
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : आईचं आधी घेऊ, कारण तिला नाही म्हणणं तुला सगळ्यात जड जाणार.

जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायकांना साध्या बसचं तिकीट पडत नाही, हे खरंच. पण तुझा रस्ता बघ. गावातून खानापूर, खानापुराहून बेळगाव, आणि बेळगावच्या बसस्टँडवरून पुन्हा कोल्हापूरच्या बाजूला भूतरामनहट्टी. खानापूर बेळगावच्या एका अंगाला, विद्यापीठ दुसऱ्या अंगाला. तीन बसा जायला, तीन यायला. बस चुकली नाही तरी रोजचे पाच तास जातील, आणि तुमच्याकडच्या पावसात गावची पहिली बस वेळेवर येईल याची खात्री कुणी द्यावी? वाचनालयात बसायचा वेळ तू बसमध्ये उभ्यानं घालवशील. पहिले पंधरा दिवस मात्र असंच कर. त्या पंधरा दिवसांत खोली शोध. घाईनं घेतलेली खोली वर्षभर सोसावी लागते.

आता खोली कुठं घ्यायची. विद्यापीठाच्या आसपास घेऊ नकोस. त्याच्या नव्या परिसराचं बांधकाम हिरेबागेवाडीला घेतलेलं आहे, म्हणजे धारवाडच्या बाजूला, अगदी उलट दिशेला. दुसऱ्या वर्षी तुमचे वर्ग कुठं भरणार हे विभागात जाऊन आजच विचार. शहरात, बसस्टँडला धरून राहिलीस तर वर्ग कुठंही गेले तरी तुझी खोली मोडत नाही. शिवबसव नगर, गांधीनगर, सदाशिव नगर या बाजूला फिर. एजंटाकडं जाऊ नकोस, तो एक महिन्याचं भाडं घेऊन जातो. पिठाच्या गिरणीत, टेलरकडं, दूधवाल्याकडं विचार. कुठली खोली कधी रिकामी होणार हे त्यांना घरमालकाच्या आधी ठाऊक असतं. मैत्रिणीलाही सांग, दारावर कन्नडमध्ये ‘मने बाडिगेगे इदे’ असा बोर्ड दिसला की तिथं भाड्यानं जागा आहे. चंदगडच्या पोरी या बोर्डांखालून रोज जातात आणि त्यांना कळतही नाही.

मैत्रिणीचं आणखी एक आहे. शक्तीसाठी कर्नाटकातला पत्ता असलेलं ओळखपत्र लागतं. तिचं आधार चंदगडचं, म्हणजे तुला शून्याचं तिकीट मिळेल आणि शेजारी बसलेल्या तिला पैसे मोजावे लागतील. वडगावातून बसस्टँडपर्यंत शहर बस, तिथून पुढं दुसरी. शहर बसचे रोज वीसेक रुपये धरले तरी तिचे महिन्याला पाचशे गेले. बसस्टँडजवळची खोली साडेचार हजाराला मिळाली तर तुला अडीचशे जास्त पडतील, तिचे अडीचशे वाचतील. हे दोघींनी खोली घ्यायच्या आधी वहीत मांडा. मी बावीस वर्षं माझ्या घरामागच्या दोन खोल्या मुलींना दिल्या. भांडणं झाली ती कधी भाड्यावरून झाली नाहीत. ती झाली दुधाच्या हिशेबावरून, गॅस कुणी जास्त जाळला यावरून.

पीजी की खोली? वाटणीचं भाडं २,०००. तांदूळ तुझ्या घरचा. भाजी, डाळ, तेल, दूध मिळून दीड हजार. गॅस, पाणी, बारीकसारीक पाचशे. चार हजारांत बसतं. पीजीपेक्षा महिन्याला अडीच हजार कमी, दहा महिन्यांत २५,०००. सुट्टीत गावी गेलीस तरी खोलीचं भाडं चालू राहतं, ते यातून वजा कर, तरी खोलीच स्वस्त. गॅससाठी ५ किलोचा छोटा सिलिंडर मिळतो, त्याला पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्र पुरतं. खिडकीजवळ ठेवा आणि झोपताना कॉक बंद करा. परीक्षेच्या दिवसांत रांधायला वेळ नसेल तर इंदिरा कँटीनमध्ये ५ रुपयांत नाश्ता आणि १० रुपयांत जेवण मिळतं. तिथं जायला लाजू नकोस, गरम आणि ताजं असतं.

लाइटचं नीट विचार. गृहज्योती योजनेत २०० युनिटच्या आत बिल शून्य येऊ शकतं, आणि ते भाडेकरूलाही लागू आहे. पण त्यासाठी तुमच्या खोलीचा मीटर वेगळा हवा, त्याचा आरआर नंबर, म्हणजे बिलावरचा ग्राहक क्रमांक, हवा. मालक ‘लाइटचे महिना तीनशे’ म्हणाले तर नम्रपणे मागच्या महिन्याचं बिल बघायला माग. मोकळीक आधीच्या सरासरीहून थोडीशीच जास्त असते, म्हणून सगळा स्वयंपाक इंडक्शनवर करायच्या भरीस पडू नका.

तू पावसात खोल्या बघतेयस हे फार बरं. कपाट असेल तर त्याच्या मागं हात घाल, भिंतीला तळवा टेकव. हात गार आणि ओलसर लागला तर ती खोली सोडून दे, तिथं सप्टेंबरपर्यंत तुझे कपडे वाळणार नाहीत आणि पुस्तकांना बुरशी येईल. मग नळ सोडून बघ, आणि शेजारच्या बाईला विचार (मालकाला नव्हे) की एप्रिल-मे महिन्यात पाणी किती दिवसांनी येतं. राकसकोप आणि हिडकल या धरणांचं पाणी उन्हाळ्यात ओढीनं येतं. आवारात विहीर असेल तर त्या खोलीला शंभर रुपये जास्त द्यायला हरकत नाही. वडगावची ती खोली रात्री नऊ वाजता पुन्हा एकदा बघून ये. त्या बाजूला घरोघरी माग आहेत. दिवसा रस्त्याच्या आवाजात ऐकू येत नाही, रात्री भिंतीपलीकडून खटखट सुरू झाली की वाचलेलं डोक्यात राहत नाही. मागवाल्यांची ती रोजीरोटी आहे, त्यांना थांबा म्हणता येत नाही. खोलीच दुसरी बघावी लागते.

आता कागद. इथं मी जरा थांबणार आहे.

१९७८ साली मी एम.ए.ला धारवाडला गेले. बेळगावात तेव्हा पदव्युत्तर केंद्र नव्हतं, ते १९८२ साली आलं. माझं सगळं शिक्षण मराठीतून, कन्नड अक्षर वाचता येत नव्हतं. घरमालकांनी कन्नडमध्ये लिहिलेला कागद पुढं केला आणि मी सही केली. ॲडव्हान्स दोनशे रुपये, वडिलांनी शेळ्या विकून दिलेला. दोन वर्षांनी खोली सोडताना मालक पेन्सिल घेऊन आले. निळ्या डिस्टेंपरच्या भिंतीवर एकेका खिळ्याभोवती त्यांनी गोल काढला. अकरा गोल झाले. मग कागदावरची एक ओळ दाखवली आणि वाचून सांगितली : भिंतीची नासधूस झाल्यास ॲडव्हान्स परत मिळणार नाही. त्या अकरांतले सात खिळे मी यायच्या आधीचे होते. त्यांच्यावर गंज चढलेला होता, मी तो बोटानं खरवडून दाखवला. त्यांनी बघितलंच नाही. बेळगावच्या गाडीत बसले आणि बाबांना काय सांगायचं याचाच विचार करत घरापर्यंत आले.

म्हणून सांगते. सामान आत न्यायच्या आधी, उजेडात, चारही भिंतींचे, फरशीचे, दारखिडक्यांचे आणि नळाचे फोटो काढ. त्याच दिवशी मालकांना व्हॉट्सॲपवर पाठव, खाली लिही, ‘आज खोली ताब्यात घेतली, ती अशी आहे.’ करार ११ महिन्यांचा असतो, कारण वर्षाहून जास्त मुदतीचा असेल तर रजिस्टर करावा लागतो. त्यात दोघींची नावं हवीत. ॲडव्हान्स किती, रंगाचा खर्च कुणाचा, सोडायच्या किती दिवस आधी सांगायचं आणि पैसे किती दिवसांत परत, एवढं लिहिलेलं हवं. कागद कन्नडमध्ये असेल तर तू वाच आणि मैत्रिणीला ओळ न् ओळ मराठीत सांग. तुला येतं, तिला येत नाही. पैसे देताना दोघींनी आपापल्या दहा हजारांची वेगळी पावती घ्या.

आणि वीस हजार एकदम देऊ नका. निम्मे आत्ता, निम्मे सुगीनंतर, असं बाबांनाच येऊन बोलू दे. आपल्या भागातल्या मालकाला सुगी म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. मी दोन मुलींच्या वडिलांसाठी अशी थांबले होते, दोघांनीही डिसेंबरात पैसे आणून दिले.

विद्यापीठाच्या हॉस्टेलात जागा नाही म्हणजे सगळ्या वाटा बंद झाल्या असं समजू नकोस. मागासवर्ग कल्याण खात्याची बीसीएम हॉस्टेलं शहरात वेगळी आहेत, तिथं अर्ज कर. तिथंही जागा मिळाली नाही तर विद्यासिरी आहे : हॉस्टेलात नसलेल्या मागासवर्गीय मुलामुलींना राहण्या-जेवणासाठी महिना १,५०० रुपये, दहा महिने, म्हणजे वर्षाला १५,०००. मराठा समाज कर्नाटकाच्या मागासवर्गीय यादीत ३ब गटात येतो. उत्पन्नाची अट आहे, म्हणून नाडकचेरीतून, म्हणजे जवळच्या महसूल कचेरीतून, जात-उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेव. अर्ज राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, एसएसपीवर भरतात. बँक खातं आधारला जोडलेलं आहे का ते बँकेत जाऊन विचार. माझ्या खोलीतल्या एका मुलीचे पैसे वर्षभर एवढ्याच कारणानं अडकले होते. हे १५,००० आले तर तुझ्या वाटचं निम्म्याहून जास्त भाडं सुटलं.

प्रश्न : मावशी, मी निपाणीचा, बेळगावात उद्यमबागला इंजिनिअरिंग केलं. खोली सोडून दोन महिने झाले. मालक म्हणतात रंगाला खर्च आला, १५,००० रुपये ॲडव्हान्समधला एक रुपयाही देणार नाही. करार लिहिलेला नव्हता. भाडं दर महिन्याला फोनवरून पाठवत होतो. आता काही होऊ शकतं का?
— एक विद्यार्थी, निपाणी

उत्तर : होऊ शकतं. कागद नव्हता म्हणून तू भाडेकरू नव्हतास असं होत नाही. दर महिन्याला गेलेलं भाडं तुझ्या बँकेच्या पासबुकात आहे, ॲडव्हान्सही तसाच पाठवला असशील तर तोही दिसेल. ती पानं छापून घे. महिन्याच्या भाड्यावर असलेल्या माणसानं, वेगळं काही ठरलेलं नसेल तर, पंधरा दिवस आधी सांगितलं की कायद्याला पुरतं. तू केव्हा सांगितलंस तो मेसेज शोध.

मग एक साधं पत्र लिही, चिडून लिहू नकोस. खोली किती तारखेला घेतली, किती तारखेला सोडली, किती पैसे दिले, आणि रंगाचं बिल दाखवावं ही विनंती. स्पीड पोस्टानं पाठव, पावती जपून ठेव. राहून राहून भिंत मळते, त्याचा सगळा खर्च भाडेकरूवर घालणं बरोबर नाही. पण भिंतीवर काही चिकटवून पोपडे काढले असशील तर तेवढे पैसे स्वतःहून मान्य कर, त्यानं बोलणं सोपं होतं. पंधरा-वीस दिवसांत उत्तर आलं नाही तर बेळगावच्या कोर्टाच्या आवारात जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाकडं जा आणि लोकअदालतीत प्रकरण घ्यायचा अर्ज दे. लोकअदालतीत तडजोड झाली तर तिला कोर्टाच्या हुकूमनाम्याचंच बळ असतं, आणि त्यासाठी फी भरावी लागत नाही. बाबांना सोबत ने. बरेच मालक नोटीस हातात पडल्यावरच बोलायला तयार होतात.

प्रश्न : आमची अनगोळला मागं एक खोली रिकामी आहे. मिस्टर गेल्यापासून मी एकटीच असते. कॉलेजच्या मुली ठेवाव्यात असं वाटतं, पण काय काय बघावं लागतं?
— एक वाचक, अनगोळ

उत्तर : ठेवा, ताई. घरात जाग राहते आणि हातात चार पैसे येतात. मुलींचे आधार आणि आईवडिलांचे फोन नंबर आधी घ्या. कितीपर्यंत यायचं, पाहुणे कोण चालतील, हे पहिल्याच दिवशी सांगा. खोलीचा मीटर वेगळा करून घ्या म्हणजे लाइटवरून बोलणं निघत नाही. दाराला आतून कडी नीट बसते का, बाथरूमचा दिवा चालतो का, ते बघा. आणि सुताराला बोलावून भिंतीला एक आडवी लाकडी पट्टी ठोकून घ्या, सहा खुंट्यांची. माझ्या दोन्ही खोल्यांत आहे. मुली त्यावर दप्तर, छत्री, ओढणी सगळं अडकवतात, आणि भिंतीत खिळा मारायची वेळ येत नाही.