टॅम्पाला घर घेण्याआधी: वादळाचा क्लेम आणि पब्लिक अ‍ॅडजस्टर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नव्या वर्षात अमेरिकेत, फ्लोरिडातल्या टॅम्पाला बदली होतेय, वर्ष-दीड वर्षात घर घ्यायचा विचार आहे. तिथल्या एका सहकाऱ्यानं आत्ताच सांगून ठेवलंय, की वादळ झालं तर पहिला फोन इन्शुरन्स कंपनीला न करता पब्लिक अ‍ॅडजस्टरला करायचा. हा माणूस नेमका कोण, त्याचे पैसे कोण देतं आणि तो खरंच लागतो का, हे तुम्हाला हवंय. २०२० मध्ये निसर्ग वादळानं श्रीवर्धनच्या तुमच्या घराचे पत्रे उडाले, तेव्हा तलाठी पंचनामा करून गेला आणि मिळायचे ते पैसे खात्यात आले. मग इथे मध्ये आणखी एक माणूस कशाला, असंही तुम्ही लिहिलंय.

मी बरीच वर्षं टॅम्पा बेच्या काठाला राहतोय आणि ऑक्टोबर २०२४ च्या मिल्टन वादळानंतर या सगळ्यातून स्वतः गेलोय. सहकाऱ्याचा सल्ला मला पटत नाही. पहिला फोन कंपनीलाच करा. पब्लिक अ‍ॅडजस्टर उपयोगाचा असतो, कधीकधी त्याच्यावाचून निभावतही नाही, पण त्याची वेळ नंतर येते. हा क्रम पाळला तर तुमचेच काही हजार डॉलर वाचतात.

आधी पंचनाम्याचं. तलाठी येतो तो सरकारी मदतीसाठी. मदतीचे दर सरकारनं ठरवलेले असतात आणि त्याच्या खिशातून काही जात नाही. इथे मात्र तुमचा आणि कंपनीचा करार असतो, आणि नुकसान किती ते आधी कंपनीचा माणूस ठरवतो. तो कंपनीचा पगारी असेल किंवा कंपनीनं वादळापुरता नेमलेला इंडिपेंडंट अ‍ॅडजस्टर असेल. नाव इंडिपेंडंट असलं तरी त्याचं बिल कंपनीच भरते. मोठं वादळ झालं की असे शेकडो जण दुसऱ्या राज्यांतून इथे येतात आणि दिवसाला कितीतरी घरं बघतात. तिसरा प्रकार पब्लिक अ‍ॅडजस्टरचा. हा तुमचा माणूस. नुकसान मोजतो, अंदाजपत्रक बनवतो, पॉलिसीतली कलमं वाचतो आणि तुमच्या वतीनं कंपनीशी बोलतो. त्याला राज्याच्या फायनान्शियल सर्व्हिसेस खात्याचा परवाना लागतो आणि ५० हजार डॉलरचा हमीचा बाँड द्यावा लागतो. नावात ‘पब्लिक’ असलं तरी तो सरकारी नाही. त्याची फी तुमच्या क्लेमच्या पैशांतून जाते.

फीवर फ्लोरिडात कायद्यानं मर्यादा आहे. गव्हर्नरनं आणीबाणी जाहीर केलेल्या वादळासाठी, जाहीर झाल्यापासून वर्षभरात केलेल्या क्लेमवर जास्तीत जास्त १० टक्के, एरवी २० टक्के. हे आकडे कमाल आहेत, त्यामुळे घासाघीस करता येते आणि करावी. मात्र हे नियम फ्लोरिडाचे आहेत हे विसरू नका. टेक्ससमध्ये मर्यादा १० टक्के आहे, लुइझियानात तर टक्केवारीवर फी घ्यायलाच मनाई आहे. ह्यूस्टनच्या मित्राचा अनुभव टॅम्पाला जसाच्या तसा लागू होत नाही.

आता क्रमाचं. कायद्यात एक तरतूद आहे, जी दारावर येणारा माणूस आपणहून सांगत नाही. कंपनीनं आधी काही पैसे दिले असतील आणि त्यानंतर वाढीव रकमेसाठी तुम्ही पब्लिक अ‍ॅडजस्टर नेमला, तर आधी मिळालेल्या पैशांवर त्याला फी लावता येत नाही, फक्त वाढीवर लावता येते. आकडे घालून बघा. घराचा विमा चार लाख डॉलरचा आणि हरिकेन डिडक्टिबल, म्हणजे वादळाच्या नुकसानातला तुम्ही स्वतः सोसायचा पहिला वाटा, २ टक्के, म्हणजे ८ हजार. कंपनीनं नुकसान २२ हजार धरलं आणि १४ हजार दिले. खरं नुकसान ५५ हजारांचं निघालं, म्हणजे तुम्हाला एकूण ४७ हजार मिळायला हवेत. पहिल्याच दिवशी सही केली असती तर १० टक्क्यांनी फी ४,७०० झाली असती. आधी स्वतः क्लेम करून नंतर त्याला बोलावलं तर फी ३३ हजारांच्या वाढीवर, म्हणजे ३,३००. आणि कंपनीनं पहिल्यांदाच रास्त रक्कम दिली, तर फी शून्य.

डिडक्टिबलचा मुद्दा नीट समजून घ्या, कारण नवे आलेले इथेच फसतात. २ टक्के हे नुकसानाचे नसतात, घराच्या विम्याच्या रकमेचे असतात. कंपनीला २, ५ आणि १० टक्के असे पर्याय द्यावे लागतात, आणि हप्ता कमी दिसतो म्हणून लोक ५ किंवा १० टक्के निवडतात. चार लाखांच्या घराला १० टक्के म्हणजे पहिले ४० हजार तुमच्या खिशातून. कुंपण पडलं, छपरावरचे थोडे शिंगल्स (डांबरी कौलं) उडाले, असं नुकसान डिडक्टिबलच्या आतच संपतं, आणि तिथे जगातला कुठलाही अ‍ॅडजस्टर काही मिळवून देऊ शकत नाही. म्हणून रूफरकडून, म्हणजे छप्पर घालणाऱ्या ठेकेदाराकडून, खर्चाचा अंदाज घेण्याआधी कुणाशीही करार करू नका.

मग नेमायचा कधी? माझ्याकडे मिल्टनमध्ये ओकची जाड फांदी मागच्या खोलीवर पडली. कंपनीनं पाठवलेला माणूस जिना लावून वर गेला, मोडलेले शिंगल्स मोजले, फोटो काढले आणि निघाला. आलेल्या कागदात फक्त रूफचा तो तुकडा होता. माळ्यावरचं भिजलेलं इन्सुलेशन नाही, खोलीच्या छताचं फुगलेलं ड्रायवॉल (जिप्समचे तक्ते) नाही, भिंतीतली ओल नाही. मी रूफरचं अंदाजपत्रक आणि फोटो जोडून फेरतपासणी मागितली. उत्तर आलं, पण आकडा जेमतेम हलला. तेव्हा मी पब्लिक अ‍ॅडजस्टर शोधला. त्यानं माळ्यावर चढून ओल मोजायच्या मीटरनं प्रत्येक भिंत तपासली, कंपन्या वापरतात त्याच एक्झॅक्टिमेट सॉफ्टवेअरमध्ये खोलीगणिक अंदाजपत्रक बनवलं आणि कंपनीला पुन्हा माणूस पाठवायला लावला. त्या दुसऱ्या भेटीत माझा अ‍ॅडजस्टर स्वतः माळ्यावर उभा होता. त्याला दिलेली फी मला कधीच जड वाटली नाही.

तेव्हा माझ्या मते तो नेमायची वेळ ही: नुकसान मोठं आहे, कंपनीचा कागद हातात आहे, त्यात काय सुटलंय ते तुम्हाला दिसतंय, आणि लेखी मागूनही ते धरलं जात नाही. दुसरी वेळ म्हणजे नुकसान वाऱ्यामुळे की पाण्यामुळे असा वाद उभा राहतो तेव्हा. तिसरी, घर राहण्याजोगं उरलं नाही, तुम्ही नोकरी आणि पोरं सांभाळत भाड्याच्या जागेतून हे सगळं करताय, तेव्हा. या तिसऱ्या वेळी सुरुवातीपासून नेमला तरी मी चूक म्हणणार नाही.

जाहिरातींत एक आकडा वारंवार दिसेल: पब्लिक अ‍ॅडजस्टर असला की ७४७ टक्के जास्त पैसे मिळतात. तो राज्याच्या विधिमंडळासाठी काम करणाऱ्या ओपागा या संस्थेच्या २०१० च्या अहवालातला आहे आणि खरा आहे. सिटिझन्स या राज्याच्या विमा महामंडळाचे क्लेम त्यांनी तपासले. २००५ च्या वादळांत पब्लिक अ‍ॅडजस्टर असलेल्याला साधारण १७ हजार डॉलर मिळाले, नसलेल्याला साधारण २ हजार. पण त्याच अहवालात २००४ च्या वादळांचे आकडे आहेत: साधारण २२ हजार विरुद्ध साडेअठरा हजार. हा दुसरा आकडा जाहिरातीत येत नाही. शिवाय ज्याचं नुकसान मोठं आणि गुंतागुंतीचं, तोच बहुतेक पब्लिक अ‍ॅडजस्टर नेमतो, त्यामुळे सगळा फरक त्याच्या कर्तबगारीचा धरता येत नाही. आणि अहवालानं हेही नोंदवलंय की असे क्लेम मिटायला जास्त वेळ लागतो.

कंपन्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवा असंही मी म्हणत नाही. २८ सप्टेंबर २०२२ ला इयन वादळ फोर्ट मायर्सच्या बाजूला धडकलं. त्यानंतर डिसेंबरात, कंपन्यांसाठी काम केलेल्या अ‍ॅडजस्टरांनीच राज्याच्या आमदारांपुढे सांगितलं की त्यांनी लिहिलेले अंदाज मागाहून कमी करण्यात आले. म्हणूनच कंपनीच्या अ‍ॅडजस्टरचं तपशीलवार अंदाजपत्रक मागून घ्यायचंच. नुसत्या चेकवर समाधान मानायचं नाही.

त्याच डिसेंबरात कायदा मोठा बदलला, आणि जुन्या लोकांचे सल्ले इथेच चुकतात. आता क्लेम वादळापासून एका वर्षाच्या आत नोंदवावा लागतो, आणि सुटलेल्या गोष्टींचा पुरवणी क्लेम १८ महिन्यांच्या आत. कंपनीनं सात दिवसांत पोच द्यायची आणि ६० दिवसांत पैसे द्यायचे किंवा नकार कळवायचा. पूर्वी कोर्टात जिंकलात तर वकिलाचा खर्च कंपनीवर पडायचा. ती सोय गेली. आता खटला म्हणजे खर्च तुमचा. म्हणून कोर्टाआधीच क्लेम नीट मांडला जाणं पूर्वीपेक्षा फार महत्त्वाचं झालंय. पब्लिक अ‍ॅडजस्टर कोर्टात तुमची बाजू मांडू शकत नाही. पण त्याच्याही आधी एक मार्ग आहे जो कुणी सांगत नाही: फायनान्शियल सर्व्हिसेस खात्याची मध्यस्थी. घराच्या क्लेमसाठी तिचा खर्च कंपनी भरते, तुम्हाला काही पडत नाही. मदतीचा क्रमांक १-८७७-६९३-५२३६.

वादळानंतर वीज येण्याआधी माणसं दारात येतात, हे डोळ्यांसमोर ठेवा. घर ताडपत्रीखाली, पोरं घामाघूम, आणि समोर गोड बोलणारा माणूस टॅबलेटवर सही मागतोय. फ्लोरिडात पब्लिक अ‍ॅडजस्टरला रविवारी किंवा रात्री आठनंतर असं गिऱ्हाईक शोधायची परवानगी नाही. आला तर त्यावरूनच काय ते ओळखा. परवाना क्रमांक घ्या, खात्याच्या संकेतस्थळावर तपासा, मराठी मंडळातल्या दोघांना विचारा. सही झालीच असेल तर करारापासून १० दिवसांत तो रद्द करता येतो. आणीबाणीतल्या वादळात नुकसानाच्या तारखेपासून ३० दिवस किंवा करारापासून १० दिवस, यांतली जी मुदत नंतर संपेल ती. रूफर म्हणाला, "तुमचा क्लेम आम्हीच बघतो," तर नाही म्हणा. परवान्याशिवाय त्याला कंपनीशी क्लेमची बोलणी करता येत नाहीत. आणि नव्या पॉलिसींवर क्लेमचे हक्क ठेकेदाराच्या नावे लिहून देणं तर २०२३ पासून बंदच झालंय.

चेकवर कर्ज देणाऱ्या बँकेचंही नाव असतं, हे ऐकून सगळ्यांना धक्का बसतो. मोठी रक्कम बँक स्वतःकडे ठेवते आणि काम होईल तसे हप्ते सोडते. पब्लिक अ‍ॅडजस्टर असेल तर बहुधा त्याचंही नाव चेकवर येतं, म्हणजे सह्या तीन. रूफरशी पैशांच्या तारखा ठरवताना हा वेळ धरा.

आता ज्याच्यापुढे कुठलाही अ‍ॅडजस्टर हात टेकतो ती गोष्ट. घराच्या साध्या पॉलिसीत पूर येत नाही, आणि समुद्राचं उधाण पुरातच धरतात. २६ सप्टेंबर २०२४ ला हेलीन किनाऱ्याला लागलं ते इथून बरंच उत्तरेला, पण टॅम्पा बेच्या कडेच्या हजारो घरांत समुद्र शिरला. ९ ऑक्टोबरला मिल्टन सिएस्टा कीला धडकलं तेव्हा हेलीननं नासवलेले सोफे आणि गाद्या अजून रस्त्याच्या कडेला पडून होत्या. ज्यांच्याकडे फक्त घराची पॉलिसी होती, त्यांना हेलीनच्या पाण्यासाठी काही मिळालं नाही, आणि मिळणारही नव्हतं. पुराची पॉलिसी वेगळी घ्यावी लागते. सरकारी योजनेत घराला जास्तीत जास्त अडीच लाख आणि सामानाला एक लाख डॉलर मिळतात. घर घेताना कर्जासोबत घेतली नाही तर ती लागू व्हायला ३० दिवस लागतात, म्हणून बातम्यांत वादळ दिसल्यावर धावून उपयोग नाही. पुराच्या क्लेममध्ये सही केलेलं नुकसानीचं शपथपत्र ६० दिवसांत द्यावं लागतं. पब्लिक अ‍ॅडजस्टर तिथेही नेमता येतो, पण त्याची फी ती पॉलिसी देत नाही.

पहिलं वर्ष भाड्यानंच राहा. भाडेकरूची पॉलिसी स्वस्त असते. तळमजला असेल तर सामानापुरती पुराचीही घ्या. घर बघायला लागाल तेव्हा रूफ कुठल्या वर्षी घातलं हा पहिला प्रश्न. १५ वर्षांच्या आतलं असेल तर फक्त वयाचं कारण देऊन कंपनी विमा नाकारू शकत नाही; त्यापुढे तपासणीची कटकट सुरू होते. १९९२ च्या अँड्र्यू वादळानंतर नियम कडक झाले आणि २००२ पासून सगळ्या राज्याला एकच बांधकाम संहिता लागू झाली, त्यामुळे त्यानंतरचं घर मिळालं तर उत्तम. खिडक्यांना शटर किंवा इम्पॅक्ट काच (वादळाचा मारा सोसणारी) असेल तर विंड मिटिगेशनची, म्हणजे घर वाऱ्याला किती तोंड देईल याची, तपासणी करून घ्या, हप्ता बराच उतरतो.

आणि ताबा मिळाल्यावर, सामान लागल्यावर, घरभर फोन फिरवून व्हिडिओ काढा: माळा, कपाटांच्या आतलं, एसीवरचा क्रमांक, रूफ चारही बाजूंनी. दर वर्षी १ जूनला हंगाम सुरू व्हायच्या आधी पुन्हा काढा आणि पुण्यातल्या कुणाकडे तरी एक प्रत ठेवा. माझ्या अ‍ॅडजस्टरनं पहिल्या भेटीत हेच मागितलं होतं.

घरं बघायला लागलात की पत्ते कळवा. इथे स्थलांतराचा झोन (वादळाआधी घर कुणी सोडायचं ते सांगणारा) आणि पुराचा झोन हे दोन वेगळे नकाशे असतात, आणि एजंट बहुधा एकच दाखवतो. दोन्ही कसे वाचायचे ते फोनवर बसून दाखवीन.