गावावर येणाऱ्या औद्योगिक प्रकल्पाला विरोध होत असताना परगावी, परदेशी राहणाऱ्यांनी त्यात उतरावे का?

आपला प्रश्न असा आहे की, आपण परदेशात नोकरी करता, गावी वडिलोपार्जित घर आणि थोडी जमीन आहे, तिथे मोठा औद्योगिक प्रकल्प येऊ घातला आहे आणि गावकरी विरोधात उभे राहिले आहेत. अशा वेळी बाहेर राहणाऱ्याने त्यात उतरावे का, गाव त्याला आपला मानेल का, आणि अशी एकजूट टिकते का? माझे माहेर राजापूर तालुक्यात आहे आणि लग्नानंतर गेली चौतीस वर्षे मी डोंबिवलीत राहते. नाणार रिफायनरीच्या यादीत माझ्या माहेरचे गाव होते, त्यामुळे जे पाहिले आणि केले त्याच्याच आधाराने लिहिते. उतरावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र आपली जागा कोणती, हे आधी नीट समजून घ्यावे लागते.

ज्यांना तो विषय ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मे २०१७ मध्ये राजापूर तालुक्यातील १४ गावे आणि शेजारच्या देवगड तालुक्यातील गिर्ये-रामेश्वर परिसर औद्योगिक क्षेत्र म्हणून अधिसूचित झाला. तीन सरकारी तेल कंपन्यांनी मिळून वर्षाला ६ कोटी टन तेल शुद्ध करणारी रिफायनरी तिथे उभारायची, असे ठरले होते. पुढे २०१८ मध्ये सौदी अरेबियाची अरामको आणि अबुधाबीची अ‍ॅडनॉक या कंपन्याही भागीदार होण्यास तयार झाल्या. खर्चाचा आकडा ३ लाख कोटी रुपयांचा आणि जमीन पंधरा हजार एकरांच्या आसपास सांगितली जात होती. गावांनी जवळजवळ दोन वर्षे विरोध केला आणि मार्च २०१९ मध्ये ती अधिसूचना रद्द झाली. नंतर त्याच तालुक्यातील बारसू-सोलगाव परिसराचे नाव पुढे आले आणि एप्रिल २०२३ मध्ये तिथे माती परीक्षणाच्या वेळी काय घडले ते आपण बातम्यांत पाहिले असेल.

आता मूळ मुद्द्याकडे येते. बाहेर राहणारा माणूस या लढ्यात ‘बाहेरचा’ असतो का? आमच्याकडे या प्रश्नाचे उत्तर सातबाऱ्यावर लिहिलेले होते. पहिली नोटीस आली तेव्हा भावाने फोनवर मला ती वाचून दाखवली, आणि ती आमच्या आजोबांच्या नावाने होती. आजोबा जाऊन तेव्हा एकोणतीस वर्षे झाली होती. वारसनोंद अर्धवट राहिलेली, जमीन सामाईक, आणि एका गटावर तेवीस नावे. त्यांतली नऊ माणसे हयात नव्हती आणि जी हयात होती त्यांतली फक्त चार गावात राहत होती. बाकीचे आम्ही डोंबिवली, विरार, लालबाग, बडोदे आणि एक पुतण्या शारजात. कोकणातल्या बहुतेक घरांची हीच स्थिती आहे. गिरण्यांच्या काळापासून घरटी एक तरी माणूस मुंबईला गेलेला, गावातली चूल त्याच्या मनीऑर्डरीवर पेटलेली आणि त्याचा गणपती मात्र गावच्या घरात बसणारा. चाकरमानी आणि गावकरी ही आमच्याकडे एकाच घरातली दोन माणसे असतात.

महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम, १९६१ च्या कलम ३२ नुसार जमीन घेण्यापूर्वी मालकाला नोटीस द्यावी लागते आणि त्याला हरकत घेण्याची संधी मिळते. ही संधी मुदतीत वापरली नाही, तर ती हातची जाते. गावातल्या चौघांनी हरकत घेतली आणि बाहेर राहणारे दहा जण गप्प राहिले, तर त्या गटाचे चित्र कागदावर काय दिसेल, ते सांगायला नको. म्हणून आमच्या ग्रामविकास मंडळाने लालबागमधल्या एका सभागृहात दर रविवारी बसायचे ठरवले. लांबलचक टेबलांवर सातबाऱ्याचे उतारे गटवार लावलेले, प्रत्येक टेबलाशी वाडीतले एक जाणते माणूस, आणि समोर असंमतीपत्रे भरून घेणाऱ्या आम्ही बायका. मी आयुष्यभर बँकेत काम केले असल्याने सह्या पडताळण्याचे काम माझ्याकडे आले. त्यातला एक क्षण माझ्या मनातून जात नाही. ऐंशी वर्षांच्या एका आत्यांना त्यांच्या नातवाने नालासोपाऱ्याहून आणले होते. उताऱ्यावर त्यांचे माहेरचे नाव होते, ज्या नावाने गेल्या साठ वर्षांत त्यांना कोणी हाक मारलेली नव्हती. मी ते वाचले तेव्हा त्यांनी दोनदा पुन्हा वाचायला लावले आणि मग अंगठा उमटवला. जमिनीतून त्यांना कधी एक पैसाही मिळालेला नव्हता.

शारजातल्या पुतण्याला येता येत नव्हते. त्याने तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून कुलमुखत्यारपत्र पाठवले. आपण परदेशात आहात म्हणून हे मुद्दाम लिहिते: असे पत्र भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथले मुद्रांक शुल्क भरावे लागते. मजकुरातही ते कशासाठी दिले आहे ते नेमके लिहावे. केवळ हरकती आणि सुनावण्यांसाठी द्यायचे असेल, तर विक्रीचा अधिकार त्यात चुकूनही देऊ नये. अधिसूचनेचा सुगावा लागताच आमच्या भागात गावाशी काडीचाही संबंध नसलेल्या लोकांनी जमिनी विकत घेतल्या, आणि त्यांतल्या काही व्यवहारांचे मूळ अशाच सैल अधिकारपत्रांत होते, असे लोक सांगत.

एवढे करूनही पहिल्याच वर्षी आमचे आणि गावाचे मोठे बिनसले. मंडळाच्या बैठकीत आम्ही मोर्चाची तारीख ठरवली, पत्रके छापली आणि गावाला कळवले. ती तारीख जुलैमधली, ऐन भातलावणीतली होती. भावाचा फोन आला आणि त्याच्या मागून आमच्या काकींचा आवाज ऐकू आला, “तुमचा रविवार, पन आमची लावणी. तारीख आमी सांगू, गाडी तुमी करा.” मला त्या क्षणी फार लागले, कारण आम्ही नोकऱ्या सांभाळून धावपळ करत होतो. परंतु त्या एका वाक्यात लढ्याची सगळी व्यवस्था होती. मोर्चा पुढे ढकलला आणि त्यानंतर एकही तारीख मुंबईत ठरली नाही. गणपतीत सगळे गावी जमले तेव्हा देवळात गाऱ्हाणे घातले आणि तिथेच ठरले की निर्णय गावाचा, आणि कागद, वकील, पत्रकार, आझाद मैदानाची परवानगी, एस.टी. आणि जेवणाची सोय हे सगळे मुंबईचे.

यामागे भावनेइतकेच कायद्याचेही कारण आहे. ग्रामसभेत मत देण्याचा अधिकार गावच्या मतदारयादीत नाव असणाऱ्यालाच असतो. आमच्यापैकी बहुतेकांची नावे मुंबई-ठाण्याच्या यादीत आहेत. आदिवासी अनुसूचित क्षेत्रांतल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा पेसा कायदा कोकणातल्या या गावांना लागू नाही, त्यामुळे ग्रामसभेच्या ठरावाने भूसंपादन आपोआप थांबत नाही, हे खरे; पण तो ठराव नसेल तर बाकीच्या साऱ्या हरकती पोरक्या होतात. तो ठराव आम्ही करू शकत नव्हतो.

गावाने आम्हाला शिकवलेल्या गोष्टी आमच्या कागदांहून मोलाच्या होत्या. महसूल दप्तरात सड्याची, म्हणजे माथ्यावरच्या सपाट कातळाची, नोंद बहुधा ‘पोटखराब’, म्हणजे लागवडीला अयोग्य, अशी असते. मी स्वतः लहानपणी त्या कातळावर खेळलेली असूनही त्याला पडीक जमीनच समजत होते. भावाने एका पावसाळ्यात मला हाताला धरून सड्यावरून खालच्या वाडीपर्यंत चालत नेले. वर जांभ्याच्या भेगांत मुरणारे पाणी खाली कुठल्या झऱ्याला आणि कुठल्या विहिरीला येते, ते त्याने एकेका ठिकाणी थांबून दाखवले. सड्यावरची कातळशिल्पे आम्ही ‘पांडवांची चित्रे’ म्हणून ओलांडून जात असू. त्यांतली बारसू, देवाचे गोठणे, कशेळी यांसारख्या ठिकाणची शिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेली. कातळात सुरुंग लावून, खड्ड्यांत बाहेरची माती भरून जगवलेली हापूसची कलमे आणि खाडीवर पोट असलेले मच्छीमार यांची नोंद ‘पोटखराब’ या शब्दात कुठेच नव्हती. आमच्या हरकतींत हा भाग गावाच्या सांगण्यावरून लिहिला गेला.

आखातातून आलेल्यांचे योगदान मी कधी विसरणार नाही. आमच्या भागातली अनेक मुसलमान कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या आखातात जातात. शेजारच्या वाडीतले एक चाचा तिकडच्या एका रिफायनरीत बावीस वर्षे फिटर होते. सभेत कोणी तरी तावातावाने सांगत होते की रिफायनरीजवळ राहणारी माणसे दोन-चार वर्षांत मरतात. चाचा उठून उभे राहिले आणि म्हणाले, “असं बोलू नका, मी जिवंत आहे.” मग त्यांनी शांतपणे सांगितले की, रात्री ज्वाळेमुळे अंधार कसा पडतच नाही, वारा फिरला की गंधकाचा वास कसा घरात शिरतो, बांधकाम चालू असताना हजारो मजूर लागतात आणि ते संपल्यावर कायमच्या नोकऱ्या किती थोड्या आणि कोणत्या शिक्षणाच्या उरतात. त्या दिवसानंतर आमच्या पत्रकांतली अतिशयोक्ती गेली. विरोध करताना खोटे बोलले की समोरच्याला तेवढेच एक खोटे पुरते, हे आम्ही चाचांकडून शिकलो.

आता एक अवघड गोष्ट. माझ्या चुलत भावाच्या मुलाने, जो तेव्हा आयटीआय करून घरी बसला होता, मला तोंडावर विचारले, “आत्या, तुम्ही मुंबईत पगार घेतलात, पेन्शन घेता. तुम्हाला सुट्टीत यायला हिरवं गाव पाहिजे. मी इथे काय करायचं?” त्याच्यासारखी मुले गावोगावी होती, प्रकल्पाच्या बाजूनेही माणसे होती, आणि ती सगळी दलालांनी फितवलेली होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याच्या प्रश्नाला मी तेव्हा आमच्याच जिल्ह्यातल्या लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीचे उदाहरण दिले. तिथे रासायनिक कारखाने आले आणि वाशिष्ठी-दाभोळ खाडीतल्या मासेमारीची कशी दुर्दशा झाली, हे त्याला सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, “पण लोट्याला नोकऱ्या आहेत.” त्याचे म्हणणे अर्धे बरोबर होते. बाहेर राहणाऱ्याने हा प्रश्न अंगावर घेतल्याशिवाय विरोधात उतरू नये, असे मला मनापासून वाटते. मंडळाने नंतर आंबा प्रक्रियेसाठी आणि मुलांच्या प्रशिक्षणासाठी थोडे पैसे उभे केले, पण ते फार उशिरा आणि फार तोकडे होते.

दुसरी बोच रत्नागिरीच्या जुन्या लढ्याची. १९९३ मध्ये रत्नागिरीकरांनी स्टरलाइटचा तांबे वितळवण्याचा कारखाना हटवला. तो तमिळनाडूत तुतिकोरिनला गेला, आणि २२ मे २०१८ रोजी तिथे त्याच कारखान्याविरुद्धच्या मोर्चावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, त्यात १३ जण मेले. आम्ही नाणारच्या ऐन धामधुमीत होतो तेव्हा ही बातमी आली आणि त्या रविवारी टेबलांवर कोणीच फारसे बोलले नाही. आपल्या दारातून गेलेले संकट कोणाच्या दारात जाऊन थांबते, याचा विचार तेव्हापासून मला सोडत नाही.

गाव आपल्याला आपला मानेल का, याचे उत्तर किंमत कोण मोजतो यावर ठरते. जैतापूर अणुप्रकल्पाच्या वेळी १८ एप्रिल २०११ रोजी साखरी नाटे येथे पोलिसांच्या गोळीबारात ज्याचा जीव गेला, तो तिथलाच तरुण होता. बारसूच्या सड्यावर एप्रिल २०२३ मध्ये तापलेल्या कातळावर झोपून गाड्या अडवणाऱ्या बायका गावातल्या होत्या. शंभराहून अधिक लोकांना ताब्यात घेतले गेले आणि २८ एप्रिलला अश्रुधुराची नळकांडी फुटली, तेव्हा आमच्यातले बहुतेक जण मोबाइलवर ते पाहत होतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये या विषयावर लिहिणारे राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे यांचा गाडीखाली चिरडून खून झाला, तेही तिथेच राहणारे होते. काही मुंबईकर कार्यकर्त्यांवरही गुन्हे दाखल झाले आणि त्यांनी ते सोसले, हेही नोंदवायला हवे. तरीही खटल्याच्या तारखेला मजुरी बुडवून कोर्टात उभे राहणे आणि शनिवारी गाडी करून जाणे यांत अंतर आहे. आम्ही एवढे केले की जामीन, वकील आणि तारखांना जाण्याचा खर्च यांसाठी गावात कोणालाही हात पसरावा लागू नये अशी व्यवस्था लावली. आंदोलन थंडावल्यावर माध्यमे जातात, तारखा मात्र चालूच राहतात. एकजूट टिकते की नाही ते या काळात कळते.

हे लिहीपर्यंत नाणारला किंवा बारसूला रिफायनरी उभी राहिलेली नाही. उद्या काय होईल ते कोणीही सांगू शकत नाही.

आपल्यासाठी माझे सांगणे एवढेच की, आपल्या जमिनीचा डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा ऑनलाइन मिळतो, तो आजच काढा, त्यावरची प्रत्येक नोंद वाचा आणि कोणाची वारसनोंद राहिली आहे ते पाहा, कारण फेरफाराला महिने लागतात आणि नोटिशीची मुदत तेवढी थांबत नाही. मग गावात राहणाऱ्या आपल्या चुलत्यांना किंवा भावाला फोन करा. त्यांना काही सुचवण्याआधी, त्यांच्याकडे लावणी कधी आटोपते ते विचारा.